रामन राघवचा शोध

इ. स. १९६८ च्या ऑगस्ट महिन्यांत मुंबईच्या उपनगरांतील माणसें रात्रीं दारेंखिडक्या लावून निजूं लागलीं. ज्या शहरांत एका खोलींत सहासात जणांनीं दाटीवाटीनें पथाऱ्या पसरावयाच्या, तेथें ऐन पावसाळ्याच्या दमट उकाड्यांत खिडकी लावून घेणें ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे. वाडीवस्तींतून तरुण मंडळी काठ्या घेऊन पहारा करीत. श्रोत्यांपैकीं जे त्या काळीं लहान असतील, त्यांना रामन राघवचें नांव घेऊन आईनें घातलेला धाक अद्यापि आठवत असेल.

परंतु ज्यांच्या घराला दार होतें, त्यांचें भय खरें पाहतां पुष्कळसें अनाठायीं होतें. हा मारेकरी दार फोडून आंत शिरणारा नव्हता. ज्यांच्यापाशीं फोडण्याजोगें दारच नाहीं, अशा झोपडींतल्या आणि उघड्यावर निजणाऱ्या गरीब माणसांवर तो रात्रीच्या अंधारांत येई आणि कांहींतरी जड, बोथट हत्यारानें निजलेल्या माणसाच्या डोक्यावर घाव घाली. जागें होऊन ओरडण्याइतकीहि सवड बहुतेकांस मिळाली नाहीं. मेलेला साक्ष देऊं शकत नाहीं, आणि जो वांचला त्यानें कांहींच पाहिलेलें नसे.

पोलिसांची खरी अडचण याहून खोल होती. खुनाचा तपास करणारा अधिकारी प्रथम मयताच्या आयुष्यांत डोकावतो. द्रव्य, स्त्री किंवा भूमि, यांपैकीं कशावरून वैर होतें काय, हें पाहतो आणि त्या धाग्यानें मारेकऱ्यापर्यंत पोहोंचतो. येथें तो धागाच नव्हता. मारणारा आणि मरणारा यांची जन्मांत कधीं गांठ पडलेली नव्हती.

शिवाय ही विपत्ति नवी नव्हती. १९६५ आणि १९६६ या दोन सालांत पूर्वेकडील उपनगरांत, जी. आय. पी. म्हणून जुन्या लोकांच्या तोंडीं असलेल्या रेल्वेमार्गाच्या कडेनें, असेच हल्ले झाले होते. एकूण एकोणीस जणांवर घाव पडले; त्यांतले नऊ दगावले. त्या वेळीं संशयास्पद रीतीनें भटकणारा एक इसम पोलिसांनीं पकडलाहि होता. त्याचें नांव रामन राघव. दरोड्याच्या गुन्ह्यांत पांच वर्षें तुरुंगांत काढल्याची त्याची नोंद दप्तरीं होती. परंतु त्याला हल्ला करतांना पाहिलेला एकहि साक्षीदार मिळेना. केवळ संशयावर माणसाला कोंडून ठेवतां येत नाहीं. त्याला सोडून द्यावें लागलें. पुढें जें घडलें तें ठाऊक असल्यामुळें आज त्या अधिकाऱ्यांना नांवें ठेवणें सोपें आहे. पण त्या दिवशीं हातीं जेवढा पुरावा होता, तेवढ्यावर त्यांना दुसरें कांहीं करतां आलें असतें असें दिसत नाहीं.

१९६८ सालीं हल्ल्यांचें सत्र पुन्हां सुरू झालें, तेव्हां तपासाचीं सूत्रें गुन्हे अन्वेषण शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनीं हातीं घेतलीं. कुलकर्णी हे शांत, अभ्यासू वृत्तीचे गृहस्थ होते. पुढें ते महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले. त्यांनीं जुनीं दप्तरें पुन्हां उघडविलीं. रात्रींच्या गस्ती वाढविल्या. संशयिताचें वर्णन आणि दप्तरांतलें छायाचित्र शहरांतील पोलिसांना डोळ्यांखालून घालावयास लावलें. कादंबऱ्यांतून वाचावयास मिळतो तसा येथें एका बुद्धिमंताचा चमत्कार नव्हता. हें काम शेंकडों शिपायांच्या पायांनीं आणि कारकुनांच्या डोळ्यांनीं चाललेलें होतें.

तारीख २७ ऑगस्ट रोजीं अॅलेक्स फियालो नांवाच्या तरुण फौजदाराची नजर डोंगरी भागांत एका इसमावर पडली. अंगांत बुशकोट, खाकी अर्धी विजार, पायांत चिखलानें भरलेले बूट. चेहरा छायाचित्राशीं जुळता वाटला. आणखी एक गोष्ट फियालोंना खटकली. इसमाच्या हातांतली छत्री ओली होती, आणि त्या भागांत तर पाऊस पडलेला नव्हता. म्हणजे हा गृहस्थ दुसरीकडून कोठून तरी येत असला पाहिजे. पंच म्हणून तेथल्याच दोन प्रतिष्ठित रहिवाशांस बोलावून झडती घेतली, तों त्याच्यापाशीं चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचें घर, साबण, लसूण, चहाची भुकटी आणि आंकडेमोड केलेले दोन कागद निघाले. एखाद्या फिरस्त्याचा संसारच तो! परंतु कपड्यांवर रक्ताचे डाग होते.

त्यानें आपलें नांव सिंधी दलवाई सांगितलें. माणूस नांव बदलूं शकतो, बोटांवरील रेषा बदलूं शकत नाहीं. ठसे दप्तरांतील जुन्या ठशांशीं ताडून पाहिले, आणि हा तोच रामन राघव, हें ठरून गेलें. ही विद्या आपल्याच देशांत रुजलेली आहे. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांचें कार्यालय निघालें, आणि त्यामागें अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां हिंदी अधिकाऱ्यांची मेहनत होती, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.

आरोपी सांपडला, पण तोंड उघडीना. एके दिवशीं त्याला काय हवें तें विचारलें, तेव्हां तो म्हणाला, मुर्गी. ती पोटभर खाल्ल्यावर आणखी मुर्गी मागितली. मग केसांना तेल, कंगवा आणि आरसा. खोबरेल चोळून, भांग पाडून, आरशांत आपलें मुख समाधानानें न्याहाळून झाल्यावर त्यानें अधिकाऱ्यांना उलट विचारलें, तुम्हांला काय हवें? खुनांची हकीकत हवी, असें सांगतांच तो निमूटपणें त्यांना उत्तरेकडील उपनगरांत घेऊन गेला आणि झुडपांत लपवून ठेवलेली पहार, सुरा वगैरे जिनसा त्यानें काढून दिल्या.

पोलिसांचें काम येथें संपलें. न्यायालयापुढें मात्र निराळाच पेंच उभा राहिला. मालाडजवळील चिंचवली गांवीं निजलेल्या दोघांच्या खुनाबद्दल १९६९ सालीं सत्र न्यायालयांत खटला उभा राहिला, तेव्हां आरोपी वेडा असल्यामुळें त्याला स्वतःचा बचाव करतां येणार नाहीं, असा अर्ज त्याच्या वकिलांनीं केला. पोलीस सर्जननीं जवळजवळ महिनाभर निरीक्षण करून त्यास वेड नाहीं असें मत दिलें. खटला पुढें चालला. आरोपीनें गुन्हा कबूल केला. बचावाच्या बाजूनें नायर रुग्णालयाच्या मानसरोगतज्ज्ञांनीं सांगितलें कीं, हा दीर्घकाळच्या संशयी स्किझोफ्रेनियाचा रोगी आहे. भारतीय दंडसंहितेचें ८४ वें कलम, वेडाच्या भरांत आपलें कृत्य काय आहे किंवा तें गैर आहे हें ज्याला कळत नाहीं, त्यास गुन्हेगार मानीत नव्हतें. न्यायाधीशांना तेवढी सूट पटली नाहीं. फांशीची शिक्षा झाली. रामन राघवनें अपील करण्याचें नाकारलें.

फांशी कायम करण्यापूर्वीं उच्च न्यायालयानें तीन मानसरोगतज्ज्ञांचें मंडळ नेमविलें. मंडळानें त्याच्याशीं पांच वेळां, दरखेपेस सुमारें दोन तास, संभाषण केलें. जगें दोन आहेत, एक हें आणि दुसरें 'कानून'चें. आपण त्या कानूनचे प्रतिनिधि आहों, आणि लोक आपणांस स्त्री करूं पाहत आहेत, अशी त्याची अढळ समजूत होती. शेवटच्या भेटींत निरोप घेतांना डॉक्टरांनीं हस्तांदोलनासाठीं हात पुढें केला. त्यानें तो घेतला नाहीं. या पापी जगांतल्या माणसांना आपण स्पर्श करीत नाहीं, असें तो म्हणाला.

हा रोग बरा होणार नाहीं, असा निर्वाळा मंडळानें दिला, आणि फांशीची जन्मठेप झाली. पुढचीं वर्षें त्यानें पुण्यास येरवड्याच्या तुरुंगांत काढलीं. १९९५ सालीं मूत्रपिंडाच्या विकारानें तो ससून रुग्णालयांत वारला.