भीमथडीचा समुद्रकिनारा

समुद्रपक्षी पाहावयाचे तर समुद्रावर गेलें पाहिजे, ही समजूत इतकी सरळ आहे कीं ती तपासून पाहण्याची कोणास गरज वाटूं नये. मुंबईकरांस तें सोपें आहे. हार्बर मार्गाच्या लोकलनें शिवडीस उतरावें आणि ओहोटीच्या चिखलांत उभे असलेले रोहित पक्षी पाहावे. घाटावरील मनुष्यास मात्र तेवढ्यासाठीं बोरघाट उतरावा लागतो. निदान पूर्वीं लागत असे. शिरूर आणि दौंड या आमच्या दोन तालुक्यांपासून समुद्र सरळ रेषेंत शंभर किलोमीटरांहून अधिक दूर, पाऊस बेताचा, आणि ओढेनाले चैत्रापूर्वींच आटणारे. अशा मुलुखाच्या शेजारीं कुरव, सुरय आणि रोहित यांचा एक किनारा तयार झाला आहे, आणि तो सकाळीं निघून सायंकाळीं परत येण्याइतका जवळ आहे. हा किनारा निसर्गानें दिलेला नाहीं. तो कसा घडला आणि कोणाच्या जिवावर घडला, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम वाटेविषयीं. गेल्या माघांत आम्ही कॉलेजांतील दहाबारा विद्यार्थ्यांसह शिरूरहून निघालों. बरोबर दुर्बिणी दोन, त्याहि उसन्या. शिरूरला आगगाडी नाहीं. तेथील सारा भरंवसा एस. टी.वर. सरकारी एस. टी.ची अगदीं पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, गेली ती शिरूरवरूनच. परंतु आमच्याबरोबरच्या एकाहि विद्यार्थ्यास ही गोष्ट ठाऊक नव्हती. न्हावऱ्याहून दक्षिणेस वळून, पारगांवच्या पुलावर भीमा ओलांडून आम्ही केडगांवास आलों. पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनचें हें केडगांव. येथें सोलापूरच्या लोहमार्गाशीं गांठ पडते. पुढें दौंड आणि दौंडच्या पलीकडे भिगवण. भिगवण स्टेशनावर उतरल्यावर कुंभारगांव किंवा डिकसळ गांठण्यास रिक्षा मिळाली तर ठीक, नाहीं तर पाय आहेतच. गाड्यांच्या वेळा कांहीं पक्ष्यांच्या सोयीनें ठरविलेल्या नसतात, त्यामुळें पहाटेचा उत्तम समय प्रवासांतच खर्ची पडतो. पण पौष-माघांत रोहित पक्षी दुपारींहि चरत असतात, एवढें समाधान.

डिकसळ हें नांव आज पक्षिमित्रांच्याच तोंडीं ऐकूं येतें. इतिहासाच्या अभ्यासकास तें निराळ्या कारणानें ठाऊक आहे. १८५८ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्यास पोहोंचली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा पुढला टप्पा खुला झाला तो पुण्यापासून डिकसळपर्यंत. म्हणजे कांहीं महिने दक्षिणेकडील आगगाडीचें शेवटचें ठाणें हें लहानसें गांव होतें. १८६० सालीं गाडी सोलापुरास गेली, १८७१ सालीं रायचुरास, आणि मुंबई मद्रासेस जोडली गेली. हा सारा खटाटोप कापसासाठीं आणि पलटणींसाठीं. पाखरांचा विचार कोणाच्या स्वप्नींहि नव्हता. दौंडला जंक्शनाची प्रतिष्ठा आली ती याहून दुःखद कारणानें. १८७६-७८ च्या दुष्काळांत दौंड-मनमाड मार्गावर दुष्काळपीडितांस काम देण्यांत आलें आणि १८७८ सालीं तो मार्ग सुरू झाला. सावकारांच्या वह्या जाळणारा १८७५ चा उठाव जवळच्या सुप्यास पेटला, त्यास तेव्हां पुरतीं दोन वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. ज्यांनीं वह्या जाळिल्या त्यांच्याच भाऊबंदांनीं त्या मार्गाची माती वाहिली असेल, असा आमचा तर्क आहे. आज दुर्बीण गळ्यांत अडकवून त्या फलाटावर उभे राहतांना हें विसरूं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

त्या काळीं या भागांत पक्षी नव्हते असें मात्र नाहीं. मुंबई सरकारच्या सेवेंतील साइक्स नांवाचा लष्करी अधिकारी १८२४ पासून दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत हिंडत होता. त्यानें दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढें मांडली. एका सातभाईस त्यानें गव्हर्नर माल्कमचें नांव दिलें, तर एका चंडोलास ‘देव’ आणि एका वटवट्यास ‘राम’ अशीं आमच्या घरचीं नांवें ठेविलीं. लाव्हे, चंडोल, सातभाई! त्यानें नव्यानें नांव दिलेल्यांपैकीं हीं पाखरें उघड्या माळाचीं, काटेरी झुडुपांचीं. माळ तेव्हां पुष्कळ होता आणि विस्तीर्ण स्थिर पाणी नव्हतें. साइक्सला आज कोणी डिकसळच्या कांठावर आणून उभें केलें, तर ही भीमा नव्हे, असेंच तो म्हणेल.

फरक पडला तो उजनीमुळें. सोलापूर जिल्ह्यांत भीमेवर बांधलेलें हें धरण १९८० सालीं पुरें झालें. ११७ अब्ज घनफुटांच्या या जलाशयास यशवंतसागर म्हणतात, आणि सागर हा शब्द येथें केवळ गौरवाचा नाहीं. पावसाळ्यांत वरच्या धरणांचें पाणी उतरून तो भरतो आणि इंदापूर, करमाळा, कर्जत, माढा, दौंड या तालुक्यांच्या सखल भागांत शिरतो. हिवाळ्यांत सोलापूरच्या शेतांसाठीं कालव्यांतून पाणी सुटूं लागलें कीं कांठ मागें सरतो आणि मैल-मैल चिखल उघडा पडतो. समुद्राची ओहोटी दिवसांतून दोनदां होते. आमच्या सागराची वर्षांतून एकदां. या चिखलांतच रोहित पक्ष्यांचें अन्न आहे. बांकदार चोंच उलटी करून तो पाणी गाळतो आणि शेवाळ व बारीक जीव तेवढे ठेवून घेतो. पाणी फार राहिलें तर पाय टेकत नाहीं, फार उतरलें तर अन्न सुकतें. म्हणून ज्या सालीं धरण उशिरापर्यंत तुडुंब असतें, त्या सालीं हे पाहुणेहि उशिरा येतात.

आणि तें शेवाळ इतकें माजतें कशानें? शिरूर तालुक्यांतील रांजणगांव सांडस आणि दौंड तालुक्यांतील वाळकी यांच्या दरम्यान मुळा-मुठा भीमेस मिळते, आणि तिच्याबरोबर पुणे शहराचें सांडपाणी येतें. आमच्या दोन तालुक्यांच्या शिवेवरून तें वाहत जाऊन उजनींत विसावतें. रोहिताच्या पंखांवरील ज्या गुलाबी रंगावर कविमनाचे लोक लुब्ध होतात, तो रंग त्याला अन्नांतून मिळतो; तेव्हां त्या रंगांत पुण्याच्या गटारांचाहि कांहीं वांटा असेल, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कित्येकांस हें बोलणें अभद्र वाटेल. पण तें पाणी कांठच्या गांवांना अभद्र वाटत नसेल काय?

त्या दिवशीं आम्हीं काय पाहिलें, याची यादी देत नाहीं. रोहित पाहिले, चित्रबलाक, चक्रवाक आणि कुरव पाहिले. एका उथळ बेटावर पट्टकदंब हंस बसले होते, हिमालयाच्या पलीकडल्या सरोवरांवरून तो पर्वत ओलांडून आलेले. भीमथडीच्या तट्टांनीं यमुनेचें पाणी पिण्याची गोष्ट आम्ही वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगतों. उत्तरेकडून भीमेचें पाणी पिण्यास येणारे हे प्रवासी पाहून आम्हांस त्या गोष्टीचें थोडें हसूं आलें.

होडीवाला साठी ओलांडलेला होता. मध्येंच त्यानें वल्हें थांबविलें आणि पाण्याकडे बोट करून तो म्हणाला, “सर, आता आपन आमच्या जवारीच्या रानात हाय. हितं आमची हीर व्हती.” आम्हीं वांकून पाहिलें. पाणी गढूळ होतें, कांहीं दिसलें नाहीं. पाणी खोल उतरतें त्या सालीं जुन्या पळसदेवचें हेमाडपंती मंदिर वर येतें आणि तें पाहण्यास लोक मुद्दाम जातात. विहिरीस तसें वर येतां येत नाहीं. आमच्या एका विद्यार्थिनीनें विचारलें, “मग मामा, ह्या पक्ष्यांचा राग नाही येत?” तो म्हणाला, “पाखराचा काय दोस, बाई? पाखरं आली म्हनून तर तुमी आलासा. पर येनारी मानसं पाखरंच बघत्यात.”

त्याचें हें बोलणें आम्हांस लागलें, आणि तें योग्यच होतें. उजनीवर जें लेखन होतें त्यांत कथेचा आरंभ पक्ष्यांच्या आगमनापासून होतो, जणूं पाण्याखालीं पूर्वीं कांहीं नव्हतेंच. शेती गेली तेव्हां कांहीं कुळें पुनर्वसनाच्या जागीं गेलीं. कांहीं कांठावर राहून मासेमारीकडे वळलीं. परकी चिलापी त्यांच्या जाळ्यांत शिरली, देशी मासे कमी झाले, आणि आतां हिवाळ्याचे तीन-चार महिने होडींतून पाहुणे फिरविणें हाहि एक धंदा झाला आहे. पक्ष्यांसाठीं पाणी अमुक पातळीस राखावें, अशी मागणी आमचे कांहीं पक्षिप्रेमी स्नेही करितात. हें पाणी प्रथम सोलापूरच्या शेतकऱ्याचें आहे, आणि त्याच्याहि आधीं ज्यांची रानें बुडालीं त्यांचें, असें आमचें स्पष्ट मत आहे. रोहिताचा हक्क तिसरा. तो त्यावर भागवितो, हें त्याचें मोठेपण.

परततांना डिकसळच्या जुन्या दगडी रेल्वेपुलाकडे गेलों. लोहमार्ग पुढें दुसरीकडून नेला गेला आणि हा पूल करमाळ्याकडील रहदारीच्या उपयोगी पडला. त्याच्या कमानींखालीं बगळे बसले होते. विद्यार्थ्यांनीं त्यांची गणती केली नाहीं. एव्हांना ते दमले होते, आणि बगळे तर शिरूरलाहि आहेत.

केडगांवास उतरेपर्यंत अंधार पडला. शिरूरची एस. टी. अर्ध्या तासानें मिळाली. पारगांवच्या पुलावर गाडी आली तेव्हां नदीच्या पाण्याचा वास आंत शिरला, आणि मुलांनीं न बोलतां खिडक्या लावून घेतल्या.