गाजरगवत, बिब्बा आणि त्वचा-अ‍ॅलर्जीचे संगणकीय भाकीत : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
गाजरगवत उपटल्यानंतर हात, मान व चेहऱ्याला सुटणारी खाज परंड्यासारख्या शेतीप्रधान तालुक्याला नवी नाही. एखादे रसायन त्वचेस अ‍ॅलर्जी करील काय, याचा अंदाज आज संगणकाच्या साहाय्याने बांधता येतो. या शास्त्राची वाटचाल आपल्या बांधावरील वनस्पतींच्या संदर्भात पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तणापासून रेणूपर्यंत :
पुण्यात आढळलेल्या गाजरगवताची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातील पार्थेनिन या द्रव्याची रचना हर्झ व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मांडली. पुढे १९७४ मध्ये लोणकर, मिचेल व कॅलनन यांनी या तणामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन केले. रेणूची रचना ज्ञात होती. परंतु तिच्यावरून पूर्वसूचना देणारी पद्धत तेव्हा रूढ नव्हती. ती सूचना रुग्णांच्या त्वचेनेच दिली.

भाकिताची वाटचाल :
रसायनाची प्रथिनांशी जोडले जाण्याची क्षमता व अ‍ॅलर्जी यांचा संबंध लँडस्टायनर व जेकब्स यांनी १९३५ च्या सुमारास गिनीपिगवरील प्रयोगांतून दाखविला. रॉबर्ट्स व विल्यम्स यांनी १९८२ मध्ये क्रियाशीलता, स्निग्धविद्राव्यता व मात्रा यांची गणिती सांगड घातली. १९९० च्या दशकात ‘डेरेक’सारख्या संगणकप्रणालींत रेणूतील धोकादायक गट ओळखणारे नियम आले. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये ‘ओईसीडी’च्या ४९७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेने प्रयोगशाळेतील चाचण्या व संगणकीय भाकीत यांच्या एकत्रित वापरास मान्यता दिली.

मर्यादा :
पार्थेनिनमधील मिथिलीन-लॅक्टोन गट प्रथिनांशी थेट जोडला जातो; म्हणून तो नियमांत सहज बसतो. बिब्ब्यातील भिलावनॉलचे मात्र आधी ऑक्सिडीकरण व्हावे लागते. ‘बिब्बा उतणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत रुळलेला आहे. संगणकास मात्र तो धोका ओळखण्यासाठी रेणूचे हे रूपांतरही गृहीत धरावे लागते. शिवाय ही प्रारूपे मुख्यतः एकेका रेणूचा विचार करतात. खुरपणाऱ्या स्त्रीच्या त्वचेला मात्र संपूर्ण वनस्पती, घाम व ऊन यांना एकाच वेळी, दिवसेंदिवस तोंड द्यावे लागते.

निष्कर्ष :
संगणकाचे भाकीत पूर्वीच्या नोंदींवर उभे असते. ज्या श्रमिकांच्या त्वचाविकाराची नोंदच होत नाही, त्यांचा अनुभव त्या भाकितात उतरत नाही. म्हणून ग्रामीण रुग्णांच्या पद्धतशीर नोंदी ठेवणे हे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व वैद्यक यांचे संयुक्त कर्तव्य ठरते. ग्रामीण महाविद्यालयांना या कामी मोलाचा हातभार लावता येईल.