भोपाळचं गाठोडं

श्रोतेहो, घर आवरताना नकोशा वस्तूंचं आपण काय करतो? टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. मग गाठोडं बांधून माळ्यावर टाकतो. डोळ्यांआड झालं की घर आवरल्यासारखं वाटतं. भोपाळमध्ये एका विषारी गाठोड्याचं असंच झालं, आणि ते माळ्यावरून उतरायला चाळीस वर्षं लागली.

१९८४ च्या डिसेंबरातल्या २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. ती रात्र आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण कारखाना बंद पडला तेव्हा आत काय उरलं? तिथं ‘सेविन’ हे कीटकनाशक तयार होई. त्याचे अवशेष, नॅफ्थॉल, अर्धवट तयार झालेली रसायनं आणि दूषित माती, सारं आवारातच पडून राहिलं.

२००४ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. २००५ मध्ये हा कचरा गोळा करून, पोत्यांत-पिंपांत भरून आवारातल्याच शेडमध्ये ठेवला गेला. आता तो न्यायचा कुठं? अंकलेश्वरचं नाव निघालं. गुजरातनं नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीचा विचार झाला. विदर्भातून विरोध झाला आणि बेत बारगळला. २०१२ मध्ये तो विमानानं जर्मनीला पाठवण्याची बोलणी झाली, तीही फिसकटली. दोष तरी कुणाला द्यावा? दुसऱ्याचं विष आपल्या दारात कोण घेईल?

२०१५ मध्ये इंदूरजवळ पिथमपूर इथं चाचणी म्हणून १० टन कचरा जाळला. उरलेले ३३७ टन शेडमध्येच राहिले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं चार आठवड्यांची मुदत घातली आणि शेडचं दार उघडलं. संरक्षक पोशाख घातलेले सुमारे शंभर कामगार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीनं तो कचरा नव्यानं भरत होते. त्यापेक्षा जास्त वेळ कुणाला आत थांबू देत नव्हते. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर पोलीस बंदोबस्तात अडीचशे किलोमीटरवरच्या पिथमपूरकडे निघाले. तिथं लोक रस्त्यावर उतरले. दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. चाचण्या झाल्या, आणि जूनअखेर सारा कचरा जळून संपला.

संपला म्हणायचं खरं. पण जाळताना चुना मिसळल्यामुळे राख आणि अवशेष भरले आठशे टनांहून अधिक! ते पुन्हा पोत्यांत भरून पुन्हा शेडमध्येच ठेवावे लागले.

भोपाळची जमीन तर तशीच आहे. नागपूरच्या ‘नीरी’नं आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं २०१० मध्ये अंदाज केला होता, की त्या आवारात सुमारे ११ लाख टन माती दूषित आहे. आसपासच्या वस्त्यांना नळाचं पाणी मिळावं म्हणून २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला होता, कारण जमिनीखालचं पाणी पिण्याजोगं उरलं नव्हतं.

मंडळी, ३३७ टनांना पोती मिळाली, कंटेनर मिळाले, पोलीस मिळाले. त्या ११ लाख टनांचं गाठोडं कसं बांधायचं, आणि ते कुणाच्या माळ्यावर टाकायचं?