आकडीवरचा उपास

एकामागून एक औषधं हरतात, अखेर भूल देऊन मेंदू निजवावा लागतो, आणि भूल उतरवली की आकडी पुन्हा सुरू. प्रतिकारशक्तीच उलटून मेंदूला सूज आली की काही रुग्णांवर ही वेळ येते. मग अतिदक्षता विभागात नाकातल्या नळीवाटे जवळजवळ निव्वळ चरबीचा आहार चालू करतात. प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, तर चरबी चार ग्रॅम.

या केटोजेनिक आहाराचा मूळपुरुष मी अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या ह्यू कॉन्क्लिनला मानतो. हा ऑस्टिओपॅथ आकडीच्या रुग्णांना नुसत्या पाण्यावर तीन-तीन आठवडे ठेवायचा. १९२१ साली गेयलिन या डॉक्टरने अशा उपासाचे परिणाम इतर डॉक्टरांपुढे मांडले. त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या वाइल्डरने सुचवलं, की उपासात रक्तात वाढणारे केटोन चरबी खाऊनही वाढवता येतील. १९३८ मध्ये फिनिटॉइन हे आकडीवरचं औषध आलं आणि आहार मागे पडला.

मला खिळवून ठेवलं ते कॉन्क्लिनच्या उपपत्तीने. आतड्यातल्या पायर ग्रंथींतून विष रक्तात उतरतं, म्हणून आकडी येते, असं तो म्हणे. ते विष कुणाला सापडलं नाही, आणि केटोनवाले त्याला तिथेच निकालात काढतात. पण पायर ग्रंथी म्हणजे प्रतिकारपेशींचं ठाणं! शिवाय २०१५ साली उंदरांत दिसलं, की उपासात वाढणारा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा केटोनच दाह पेटवणाऱ्या एनएलआरपी३ या यंत्रणेला आवरतो. २०१८ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी उंदरांच्या आतड्यातले जंतू काढून टाकले, तर या आहाराचं आकडीपासूनचं संरक्षणही गेलं. रेणू वाइल्डरचा खरा, पण जागा कॉन्क्लिनने अचूक हेरली होती, असं माझं ठाम मत आहे.

तसा पॅरिसमध्ये ग्वेल्पा आणि मारी या डॉक्टरांनी १९११ सालीच आकडीवर उपास योजला होता. त्याच शहरातून २०१० साली नब्बू यांनी तापामागून न थांबणाऱ्या आकड्या जडलेल्या, म्हणजे ‘फायर्स’ झालेल्या नऊ मुलांचा अनुभव छापला. या आहाराने सातजणांना गुण आला होता.

वॉर्डातली लढाई मात्र साखरेशी असते. सलाईनमधलं डेक्स्ट्रोज आणि सिरपातली गोडी केटोन चढू देत नाहीत. भुलीचं प्रोपोफॉल तर चरबी जाळण्याच्या क्रियेतच अडथळा आणतं; म्हणून हा आहार चालू असताना ते टाळतात.