काचबिंदूचा थेंब: औषध सुधारलं, बाटलीचं काय?

इतिहास म्हटलं की आपण किल्ले, लढाया, राजे यांच्याबद्दल बोलतो. आज मात्र एक अगदी छोटी वस्तू घेतलीय: डोळ्यात थेंब टाकायची बाटली. मुठीत मावते. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नजर टिकणार की जाणार, हे बऱ्याचदा तिच्यावर ठरतं.

आधी एक घोळ मिटवू. मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं; ऑपरेशन करून नवं भिंग बसवलं की पुन्हा दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. आधी कडेचं दिसणं जातं. बहुतेकांना दुखतखुपत काही नाही, त्यामुळे कळतही नाही. आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची तर दाब कमी ठेवायचा, म्हणजे बहुतेकांना रोज थेंब, तेही जन्मभर. आपल्याकडे ‘मोतीबिंदू असेल, पिकू दे’ म्हणत थांबतात. तो काचबिंदू निघाला तर हे थांबणं फार महागात पडतं.

आता जरा मागे जाऊ. डोळ्यात औषध सोडणं आपल्याकडे जुनंच. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात याला आश्च्योतन म्हटलंय. वारा लागणार नाही अशा जागी रोग्याला न्यायचं. वैद्याने डाव्या हाताने डोळा उघडायचा, उजव्या हातात शिंपला आणि त्याला लोंबणारी कापसाची वात धरायची, आणि दोन बोटं उंचीवरून दहा-बारा थेंब सोडायचे. यात दोन्ही हात वैद्याचे आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

काचबिंदूवर खरोखर लागू पडलेले थेंब आले १८७० च्या दशकात. पश्चिम आफ्रिकेत कॅलबार भागात एक विषारी बी मिळायची. आरोपी खरा की खोटा हे ठरवायला ती त्याला खाऊ घालत. १८६३ च्या सुमारास एडिंबरोच्या डॉक्टरांना दिसलं की तिच्या अर्काने डोळ्याची बाहुली आकसते. मग १८७६ मध्ये स्ट्रासबर्गच्या लुडविग लाकरने हे औषध काचबिंदूवर वापरलं. गंमत म्हणजे लाकरला स्वतःलाच काचबिंदू होता! पाठोपाठ अॅडॉल्फ वेबरने ब्राझीलच्या झुडपापासून मिळणारं पायलोकार्पिन वापरात आणलं. पुढची शंभर वर्षं काचबिंदूचं मुख्य औषध तेच. दिवसातून तीन-चार वेळा टाकायचं, वर अंधूक दिसणं आणि डोकेदुखी.

१९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलोलला मान्यता मिळाली: दिवसातून एक-दोनदा. १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट आलं: रात्री फक्त एकदा. चारवरून एकवर! औषधाच्या बाजूने बघितलं तर ही केवढी मोठी मजल.

आणि बाटली? आधी काचेची नळी आणि वर रबरी फुगा, म्हणजे ड्रॉपर. विसाव्या शतकाच्या मध्यापासून दाबायची प्लॅस्टिकची बाटली आली. स्वस्त, न फुटणारी, खिशात मावणारी. पण वैद्याचे दोन हात जाऊन तिथे आता रोग्याचेच दोन हात आले. मान वर करायची, एका हाताने पापणी ओढायची, दुसऱ्या हाताने बाटली नेमकी डोळ्यावर धरून नेमकी तेवढीच दाबायची. नजर कमी झालेल्या, बोटं आखडलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाने.

मी दासगावचा. मुंबईहून महाडला जाताना हायवेवर लागतं ते, सावित्रीकाठचं. आमच्याकडे महाड-पोलादपूरच्या गावांत कितीतरी घरांत तरुण मंडळी मुंबई-पुण्याला आणि घरी म्हातारा-म्हातारी. थेंब टाकणारा दुसरा हातच घरात नाही. आमच्या आजीची बाटली मी पाहिली, तर तिचं भोक सेफ्टीपिनने पाडलेलं. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांच्या झाकणात आतून टोक असतं. झाकण घट्ट पिळलं की भोक पडतं. हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. पिनने भोक मोठं झालं, थेंबही मोठा. आजी म्हणते, ‘डोल्यात थोडा नि गालावर जास्ती.’

हे आजीचं एकटीचं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ७० काचबिंदू रुग्णांना समोर थेंब टाकायला लावले. अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. बरोबर जमलं फक्त ६ जणांना! बहुतेकांच्या बाटलीचं टोक डोळ्याला नाहीतर पापणीला टेकत होतं, म्हणजे जंतू जायची भीती.

आता हिशोब करा. लॅटानोप्रोस्टची बाटली २.५ मिलीची. थेंब ३० मायक्रोलिटरचा धरला तर साधारण ८३ थेंब. दोन डोळे, ३० दिवस, लागतात ६०. पण थेंब ५० मायक्रोलिटरचा पडला तर होतात ५०, म्हणजे महिना संपायच्या पाच दिवस आधी बाटली रिकामी. प्रत्येक दुसरा थेंब गालावर गेला तर तीन आठवडेही पुरत नाही. मग पुढचे दिवस कोरडे, नाहीतर महाडला जास्तीची फेरी. तपासणीत दाब वाढलेला दिसतो आणि डॉक्टरांना वाटतं, औषध लागू पडत नाही.

डोळ्याला नळ्या, पंप, आधाराची साधनं परदेशात निघालीत, पण गावच्या मेडिकलमध्ये ती सहसा दिसत नाहीत. तोवर करता येण्यासारखं बरंच आहे. आडवं पडून टाका. बाटलीचा हात कपाळावर टेकवा. खालची पापणी ओढून एकच थेंब, टोक कुठे टेकवू नका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबा. हे विशेषतः टिमोलोलसाठी, कारण ते नाकावाटे रक्तात उतरतं आणि दमा असेल तर धोक्याचं ठरू शकतं. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटलीवर फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं असेल तर तसंच ठेवा. थंड थेंब डोळ्यात पडला की गालावर, ते लगेच कळतं.

तर मंडळी, यंदा गणपतीला गावी गेलात की ‘औषध घेतेस ना गं?’ एवढंच विचारू नका. उत्तर ‘हो’च येणार. ‘आजी, माझ्यासमोर टाक बघू’ म्हणा आणि शेजारी बसा. थेंब कुठे पडतो ते बघा, आणि दिसलं ते तिच्या डॉक्टरांना सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!