बोळातले दार

बेळगावच्या जुन्या गल्लीतले आमचे घर दर्शनी जेमतेम बारा फूट आणि आत लांबच लांब. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, शेवटी सहा फुटांचे परडे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. स्वयंपाकघराखाली आजोबांच्या वेळचे तळघर, पण उतरायला जिना एकच, तोही आतून. एका पावसाळ्यात तळघरात पाणी भरले तेव्हा दुसरी वाट हवी हे पटले, आणि ती मागच्या बोळाकडेच निघू शकत होती. सरळ जिन्याला परड्यात जागा पुरेना, म्हणून तो मागच्या भिंतीलगत आडवा घ्यायचे ठरले. त्याच्या वरच्या पायरीशी गवंड्याने भिंतीवर हातोडा ठोकून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, इथं पूर्वी दार होतं."

दार कसले, कमरेएवढे भोक. विटांनी बुजवलेले.

मागच्या दाराचा इतिहास म्हटला की आम्ही शिक्षक मुलांना शनिवारवाड्यात नेतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यांचे शव ज्या दाराने बाहेर नेल्याचे सांगतात तो नारायण दरवाजा. मुलांना ही गोष्ट फार आवडते. आमच्या परड्यातले दार मात्र कोणत्याच क्रमिक पुस्तकात नाही, आणि तसली दारे गावोगाव हजारो होती.

ते टोपलीच्या संडासाचे दार. घरातली माणसे चार पायऱ्या चढून परड्याच्या बाजूने आत जात. खालची टोपली बोळातून ओढून काढली जाई. काढणाऱ्याने घरात पाऊल टाकू नये, शक्यतो दिसूही नये, यासाठी बोळ आणि ते भोक. अशा बोळाला त्या माणसांच्या जातीचेच नाव असे. ते मी येथे लिहीत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये तेथे सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि हवा-उजेडाची चर्चा सुरू झाली. टोपली उचलणारा मात्र तोच राहिला.

डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजी आमच्याच गावी काँग्रेसचे अध्यक्ष होते. अस्पृश्यता ही स्वराज्याच्या वाटेतली धोंड आहे, असे त्यांनी अध्यक्षीय भाषणात मांडले. आजोबा त्या मंडपात होते, हे घरात अभिमानाने सांगितले जाई. त्या दिवशी सकाळीही हे दार बाहेरूनच उघडले असणार, हे कोणी सांगितले नाही. मलाही भिंत फोडेपर्यंत सुचले नव्हते.

पुढे कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः सफाई करत गोपुरी संडासाचा प्रसार केला. कर्नाटकात सत्तरच्या दशकात, देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातले बी. बसवलिंगप्पा यांनी डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्याचा आदेश काढला. देशभराचा कायदा १९९३ चा, आणि तो अपुरा पडल्यामुळे २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. गटारांत उतरून माणसे मरण्याचे त्यानंतरही थांबलेले नाही. आमच्या घरी फ्लशचा संडास आला तेव्हा मी शाळकरी होतो. भोक बुजवले गेले आणि त्याची आठवणही.

गवंड्याने जुनीच चौकट थोडी वाढवून वापरू या, खर्च वाचेल, असे सुचवले. पण वाढवूनही वाकूनच जावे लागले असते. ती काढायला लावली. आता तेथे साडेसहा फुटी दार आहे, बोळाचे पाणी आत येऊ नये म्हणून सहा इंचांचा उंबरा आहे, आणि कडी आतून आहे. गॅसचे सिलिंडर तेवढे अजून पुढल्या दारानेच येते. बोळातून हातगाडी वळत नाही.