त्रिमित मॉडेलचे स्थलांतर : एका प्रणालीतून दुसरीत जाताना काय हरवते?

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुका द्राक्षबागांसाठी जितका परिचित आहे, तितकाच किर्लोस्करवाडीच्या कारखान्यासाठीही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकालगतच्या माळरानावर ही औद्योगिक वसाहत वसविली. लोखंडी नांगरापासून सुरू झालेले येथील उत्पादन पुढे पंपांपर्यंत पोहोचले. त्या काळी कागदावरचे रेखाचित्र पॅटर्नमेकरच्या हाती जाई, तो लाकडात नमुना घडवी, नमुन्यावरून वाळूत साचा तयार होई आणि साच्यात वितळलेले लोखंड ओतले जाई.

ओतकामाची ही साखळी आजही बदललेली नाही. बदलले आहे ते कागदाचे स्थान. ते आता संगणकावरील त्रिमित मॉडेलने घेतले आहे. पंपाचा पंखा, म्हणजे इम्पेलर, एका सॉफ्टवेअरमध्ये आरेखित होतो. पाण्याच्या प्रवाहाचे विश्लेषण दुसऱ्यात, ओतकामाची चाचणी तिसऱ्यात, तर पॅटर्न कापणाऱ्या सीएनसी यंत्राची आज्ञावली चौथ्यात तयार होते. या प्रत्येक टप्प्यावर मॉडेलचे एका प्रणालीतून दुसरीत स्थलांतर होते. त्यात झालेली चूक पडद्यावर सहसा दिसत नाही. ती दिसते ओतलेल्या कास्टिंगमध्ये. तोवर लोखंड, वीज आणि मजुरी खर्च झालेली असते आणि हा भार अनेकदा लहान जॉबवर्क करणाऱ्यावर पडतो.

मॉडेल म्हणजे केवळ चित्र नव्हे

छायाचित्राची फाइल कोणत्याही संगणकावर सारखीच दिसते. त्रिमित मॉडेलचे तसे नसते. त्यात दोन प्रकारची माहिती साठविलेली असते. पहिली म्हणजे अंतिम आकार : पृष्ठभाग, कडा आणि त्यांचे परस्परसंबंध. दुसरी म्हणजे तो आकार कसा घडला याचा इतिहास : आधी कोणते वर्तुळ काढले, ते किती उंचीपर्यंत वाढविले, कोणत्या कडेला किती गोलाई दिली. हा इतिहास प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरची खासगी भाषा असतो. त्यामुळे स्थलांतरात सामान्यतः आकार टिकतो, इतिहास गळून पडतो. मूळ सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलून पात्याची जाडी वाढविता येत असेल, तर नव्या ठिकाणी तेच काम पृष्ठभाग पुन्हा रचून करावे लागते.

आकारही नेहमी निर्दोष पोहोचतो असे नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या गाभ्यात भूमितीची गणिते करणारे एक इंजिन असते. पॅरासॉलिड, एसीआयएस ही त्यांपैकी प्रसिद्ध नावे. दोन पृष्ठभाग एकमेकांना भिडले आहेत, असे किती सूक्ष्म अंतरापर्यंत मानायचे, याचा नियम प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. एकाने जोडलेली मानलेली कड दुसऱ्याला फट वाटते. मग भरीव वस्तूऐवजी सुट्या पृष्ठभागांचे पोकळ कवच हाती येते. इम्पेलरची पिळदार पाती आणि पंपाचे शंखाकृती कवच अशा मुक्त वक्रांच्या भागांत हा दोष विशेष आढळतो.

समान भाषेचे प्रयत्न

या अडचणीवर पहिला मोठा तोडगा अमेरिकेत निघाला. १९८० मध्ये आयजीईएस हे विनिमयाचे स्वरूप प्रसिद्ध झाले. ते मुख्यतः रेषा व पृष्ठभाग वाहून नेण्यासाठी वापरले गेले. त्याची शेवटची आवृत्ती १९९६ ची आहे. त्यानंतर आयएसओ १०३०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. ‘स्टेप’ या नावाने ते ओळखले जाते. १९९४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. भरीव वस्तू आणि अनेक भागांची जुळणी यांची माहिती ते नेते. २०१४ मध्ये आलेल्या त्याच्या ‘एपी २४२’ या भागामुळे मापांच्या मर्यादा व पृष्ठभागाच्या सूचनाही मॉडेलसोबत पाठविण्याची सोय झाली. मात्र देणाऱ्या व घेणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरना तो भाग अवगत असेल, तरच ही सोय उपयोगी पडते.

त्रिमित छपाईसाठी १९८७ च्या सुमारास आलेले एसटीएल हे स्वरूप अतिशय सोपे, पण तितकेच मर्यादित आहे. त्यात वस्तूचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांनी झाकलेला असतो. खरा वक्र त्यात उरतच नाही. ३०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ ३६ बाजूंच्या आकृतीने दाखविले, तर प्रत्येक बाजूचा मध्य मूळ वर्तुळापासून सुमारे ०.५७ मिलिमीटर आत राहतो. बाजू १८० केल्या, तर हा फरक सुमारे ०.०२ मिलिमीटरवर येतो. पण फाइलचा आकार वाढतो. म्हणून छपाईसाठी एसटीएल योग्य असले, तरी पुढे बदल करावयाच्या मॉडेलसाठी ते टाळणे श्रेयस्कर.

एकक आणि आकुंचन

एसटीएल फाइलमध्ये एककाची नोंद नसते. इंचात आरेखित केलेला १० इंच व्यासाचा, म्हणजेच २५४ मिलिमीटरचा भाग मिलिमीटर गृहीत धरून उघडला, तर तो केवळ १० मिलिमीटरचा दिसतो. इतकी मोठी चूक लगेच लक्षात येते. लक्षात न येणारी चूक असते ती आकुंचनाची.

वितळलेले लोखंड थंड होताना आकसते. राखाडी बिडासाठी हे प्रमाण ढोबळमानाने १ टक्का धरतात. म्हणजे ३०० मिलिमीटरच्या कास्टिंगसाठी पॅटर्न ३०३ मिलिमीटरचा हवा. ही वाढ आरेखकाने आधीच केली असेल आणि पॅटर्नमेकरने ती पुन्हा केली, तर पॅटर्न ३०६.०३ मिलिमीटरचा होतो. कोणीच केली नाही, तर कास्टिंग लहान पडते. फाइल तांत्रिकदृष्ट्या निर्दोष पोहोचूनही माल वाया जातो; कारण वाढ धरली आहे की नाही, हे नुसता आकार पाहून कळत नाही.

मोठ्यांनाही चुकले नाही

एअरबसच्या ए ३८० या महाकाय विमानाच्या प्रकल्पात जर्मनी व स्पेनमधील केंद्रे ‘कॅटिया’ सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती, तर फ्रान्स व ब्रिटनमधील केंद्रे पाचवी आवृत्ती वापरीत होती. दोहोंतील माहिती नीट जुळली नाही. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग असते. जोडणीच्या वेळी अनेक तारा अपुऱ्या पडल्या. २००६ मध्ये कंपनीला विलंबाची घोषणा वारंवार करावी लागली आणि पहिले विमान ग्राहकाच्या हाती पडायला ऑक्टोबर २००७ उजाडला. अमेरिकेतील मोटार उद्योगाला या विसंवादामुळे दरवर्षी किमान १ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय मानक संस्थेसाठी झालेल्या १९९९ च्या अभ्यासाने काढला होता.

घ्यावयाची दक्षता

- काम सुरू होण्यापूर्वीच फाइलचे स्वरूप, सॉफ्टवेअरची आवृत्ती व एकक लेखी ठरवावे.
- शक्य तेथे भरीव मॉडेल ‘स्टेप’ स्वरूपात घ्यावे. मूळ फाइल स्वतंत्र जपावी.
- आकुंचन व मशिनिंगसाठीची वाढ धरली आहे की नाही, हे फाइलच्या नावातच नमूद करावे.
- महत्त्वाची मापे दर्शविणारे द्विमित ड्रॉइंग पीडीएफ स्वरूपात सोबत जोडावे.
- फाइल उघडताच घनफळ, लांबी-रुंदी-उंची व भागांची संख्या मूळ आकड्यांशी ताडून पाहावी. घनफळ मिळतच नसेल, तर मॉडेल पोकळ झाले असे समजावे.
- नव्या ग्राहकाच्या बाबतीत आधी एका लहान भागाची फाइल पाठवून, परत मागवून चाचणी घ्यावी.

या तपासणीला फारसा वेळ लागत नाही आणि तिच्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरचीही गरज नाही. ‘फ्रीकॅड’सारख्या विनामूल्य, मुक्त प्रणालीत स्टेप फाइल उघडून घनफळ पाहता येते. एक कास्टिंग भंगारात जाण्याच्या तुलनेत हे श्रम नगण्यच ठरतात.